जिन्याखालचे सभासद

बकुळा घाडीला राग येतो, ही गोष्ट करी रोडला सगळ्यांना माहीत आहे. पुलाच्या तोंडाशी तिचा स्टॉल आहे. आधी तो पिवळा टेलिफोन बूथ होता, अपंगांच्या कोट्यातून मिळालेला. लोकांच्या हातात मोबाइल आले तेव्हा तिने आत झेरॉक्सचं मशीन बसवलं आणि ऑनलाइन अर्ज भरून द्यायला सुरुवात केली. फुटपाथवर आडवी बाइक लावणाऱ्याला ती बसल्या जागेवरून असं काही बोलते की माणूस हेल्मेट न काढताच बाइक हलवतो. "पाय चालत नाहीत ना, म्हणून तोंड चालतं," असं तिच्या माघारी म्हणणारे आहेत. तिच्या कानावर ते आलेलं आहे. ती म्हणते, पाय चालले असते तर त्यांच्या घरी जाऊन बोलले असते.

हा राग जन्माबरोबर आलेला नव्हता. तो तिला थोडा थोडा करून दिला गेला.

दोन वर्षांची असताना पोलिओने तिचे दोन्ही पाय गेले. वडील कोंडीराम घाडी, मूळचे देवगडकडचे, मिलमध्ये कापड विणायच्या साच्यावर कामाला. मिल बंद पडली आणि ते शिवडीला एका गोदामावर वॉचमन झाले. सातवीपर्यंत त्यांनी मुलीला खांद्यावर बसवून शाळेत नेलं. आठवीचा वर्ग तिसऱ्या मजल्यावर भरायचा. हेडमास्तर म्हणाले, एका मुलीसाठी सगळा वर्ग खाली कसा आणायचा. कोंडीराम म्हणाले, मी वर पोचवतो. हेडमास्तर म्हणाले, मग मधल्या सुट्टीत कोण उतरवणार. शाळा तिथेच सुटली. दहावी तिने पुढे सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दिली.

शाळा सुटली त्याच महिन्यात कोंडीरामांनी तिला लालबागच्या उदयाचल वाचनालयाची सभासद केली. "शाळा वर ऱ्हवली, तर ऱ्हवांदे. पुस्तकां खाली येतत," असं ते म्हणाले. वाचनालयही वरच होतं. तळमजल्यावर मोठा हॉल, पहिल्या मजल्यावर पुस्तकं, आणि मधे लाकडी जिना, इतका उभा की धरायला वरून दोर सोडलेला. कोंडीराम दर आठवड्याला दोर धरून वर जायचे, पुस्तक घेऊन उतरायचे. त्यांना स्वतःला वाचता जेमतेम येई. काउंटरवरचा माणूस विचारी, "कुणासाठी?" कोंडीराम म्हणत, "मुलीसाठी. अपंग आहे." मग तो माणूस आपल्या मनाने एक पुस्तक काढून देई.

इथून तिच्या रागाला खतपाणी मिळालं.

व्रतांची पुस्तकं. संतांची चरित्रं. नाचणीचे शंभर पदार्थ. आणि सगळ्यांत जास्त, हात नसताना पायाने चित्रं काढणाऱ्यांची, डोळे नसताना डोंगर चढणाऱ्यांची, व्यंगावर मात करणाऱ्यांची पुस्तकं. बकुळाला खून पाहिजे होते. तिला रहस्यकथा आवडायच्या. कुणीतरी बंद खोलीत मरावं आणि खुनी शेवटच्या पानावर सापडावा. लग्न झालेल्या बाईचं दुसऱ्यावर मन बसल्याच्या कादंबऱ्याही तिला हव्या होत्या. तिने चिठ्ठीवर नावं लिहून पाठवायला सुरुवात केली. चिठ्ठी वर जाई आणि खाली येई ते भलतंच. "ते बाहेर गेलंय, हे घ्या, हे ताईंना प्रेरणा देईल."

"मला प्रेरणा नको, मला खून पाहिजे," ती वडिलांवर ओरडायची. गुडघे चोळत बसलेल्या बापावर आपण ओरडलो म्हणून तिला परत वाईट वाटायचं आणि ती ते पायाने चित्रं काढणाऱ्याचं पुस्तक निमूट वाचून काढायची.

कोंडीराम गेल्यावर हे काम भाऊ अभयकडे आलं. अभय कुरियर कंपनीत, कायम घाईत. तो तिची चिठ्ठी काउंटरवर टाकून नुसता म्हणायचा, "कायपण द्या." असं करत तीस वर्षं निघाली. तीस वर्षं बकुळा त्या वाचनालयाची सभासद होती आणि तिथलं एकही कपाट तिने डोळ्यांनी पाहिलेलं नव्हतं.

मागच्या वर्षी वाचनालयाला पंचाहत्तर वर्षं झाली. एका संध्याकाळी कार्यवाह यशोधन गुप्ते स्वतः तिच्या स्टॉलवर आले. बँकेतून निवृत्त झालेले, स्वच्छ झब्बा, बोलणं मऊ. अमृतमहोत्सवात आदर्श वाचक म्हणून तिचा सत्कार करायचं ठरलंय, असं त्यांनी सांगितलं. इतकी वर्षं सलग सभासद राहिलेलं दुसरं कुणी नाही.

बकुळाला आनंद झाला, हे सांगितलंच पाहिजे. तिने हसून त्यांना चहा मागवला. मग विचारलं, "कार्यक्रम कुठे आहे, सर?"

"आपल्याच सभागृहात, पुस्तकांच्या शेजारी. वर."

"मग मी कशी येणार?"

"त्याची चिंता तुम्ही करूच नका. मंडळाची चार मुलं तयार आहेत. खुर्चीत बसवून अलगद वर नेतील. फोटोग्राफरही सांगितलाय."

"खालच्या हॉलमध्ये नाही का करता येणार?"

"खाली साड्यांचा सेल लागलाय ना ताई. भाडं घेतलंय आपण."

तिने बघते म्हणून सांगितलं. घरी आई राधाबाईने ऐकलं आणि देवापुढे साखर ठेवली.

"उचलून नेणार म्हणतायत मला," बकुळा म्हणाली. "बाहुली नेतात तशी."

"मान दितत तर घेवचो, गो. तुज्या बापाशीन तुका खांद्यार बसवन शाळेत न्हेल्यान, तेवा नाय ती तुका लाज वाटली."

"तेव्हा मी लहान होते. आणि ते बाबा होते."

राधाबाईने नवी साडी काढली, ब्लाउज शिवायला टाकला. ते बघून बकुळालाही वाटलं, जाऊ दे, एकदा तरी वर जाऊन कपाटं बघता येतील.

कार्यक्रमाच्या दिवशी ती हाताने चालवायच्या तीनचाकीवरून लालबागला पोचली. मागून आई आणि अभय. दारात रांगोळी होती. जिन्यापाशी झेंडूच्या माळा गुंडाळलेली लाल प्लॅस्टिकची खुर्ची होती, तिच्या दोन बाजूंना बांबू बांधलेले. चार मुलं बाह्या सरसावून उभी होती. फोटोग्राफर जिन्याच्या मधल्या वळणावर कॅमेरा रोखून बसला होता आणि वरून कुणीतरी त्याला सांगत होतं, "ताई वर येतानाचा घे, चेहरा दिसला पाहिजे."

बकुळाने ती खुर्ची बघितली. गणपती नेतात तशी.

"मी नाही बसणार यात," ती म्हणाली.

मुलांना वाटलं ती घाबरली. एकजण म्हणाला, "पडणार नाय ताई, आम्ही हंड्या फोडतो."

यशोधन सर घाईघाईने खाली आले. "अहो, पाहुणे आलेत. असं काय करता? मान आहे हा तुमचा."

"मान वर आहे आणि मी खाली आहे. मान खाली आणा."

"पाच मिनिटांचा प्रश्न आहे."

"मग पाच मिनिटं तुम्हीच सगळे खाली या. तुमचे पाय चांगले आहेत."

सर अभयकडे वळले. "तुम्ही समजवा जरा."

अभय म्हणाला, "ताई, बस ना, काय होतंय." राधाबाईने त्याच्याकडे असं बघितलं की तो पुढचं गिळून गेला. तिलाही ती खुर्ची बघितल्यावर काहीतरी कळलं असावं.

सरांनी घड्याळ बघितलं आणि वर गेले. कार्यक्रम सुरू झाला. जिन्यावर लावलेल्या कर्ण्यातून सगळं खाली ऐकू येत होतं. दीपप्रज्वलन झालं, स्वागतगीत झालं. मग सूत्रसंचालकाचा आवाज आला: आदर्श वाचक बकुळाताई घाडी प्रकृती अस्वास्थ्यामुळे आज उपस्थित राहू शकलेल्या नाहीत, त्यांच्या जिद्दीला आपण टाळ्यांनी सलाम करू या. टाळ्या झाल्या.

बकुळा नव्या साडीत, बरी असलेली, ठणठणीत, जिन्याच्या पायथ्याशी बसली होती.

"मी इथे आहे," ती ओरडली. "खाली आहे. खोटं बोलू नका." कर्ण्यापुढे माणसाचा आवाज किती जाणार. वर पुढचा सत्कार सुरू झाला होता.

थोड्या वेळाने शिपाई शाल, नारळ आणि स्मृतिचिन्ह घेऊन उतरला. स्मृतिचिन्हावर कोरलं होतं, "जिद्दीला सलाम". वाचक हा शब्द त्यावर कुठेच नव्हता. बकुळाने ते उलटसुलट बघितलं आणि तिन्ही वस्तू त्या लाल खुर्चीत ठेवल्या. "हे वर घेऊन जा," ती मुलांना म्हणाली. "खुर्चीसकट. काढा फोटो."

हे सगळं जिन्याशेजारच्या स्टुलावर बसून एक म्हातारे गृहस्थ बघत होते. दौलत कासारे. डिलाईल रोडच्या चाळीतले, मिलमधून निवृत्त झालेले, तिच्या वडिलांच्या ओळखीचे. बकुळा त्यांना म्हणाली, "काका, तुम्ही वर नाही गेलात?"

"तुझा सत्कार ऐकायला आलतो. वर नाय जात मी. गुडघे गेले. सहा वर्षं झाली, पुस्तक नाय घेतलं."

"मग सांगितलं का नाही कुणाला?"

"काय सांगायचं? चढता येत नाय, तर आपलंच चुकलं, असं वाटतं." त्यांनी काठीने हॉलकडे बोट केलं. आत दिव्यांच्या झगमगाटात साड्या लटकल्या होत्या. "हा हॉल बघ. इथे पेपर असायचे. फुकट. पाळी सुटली की सरळ इथे. आमच्या बापाच्या वेळेला मिलमध्ये आमच्या लोकांचं पाण्याचं मडकं वेगळं होतं. आणि इथे, या हॉलात, लांब बाक होता, त्याच्यावर तुझा बाप आणि मी मांडीला मांडी लावून बसायचो. एकाच पेपरचं पुढचं पान त्याला, मागचं मला. तू कोण, कुठला, कुणी विचारलं नाय. आता तो बाक साड्यांखाली गेला असेल."

बकुळाने आत बघितलं. हॉलच्या दारात उंबरठा फोडून सिमेंटचा छान उतार केलेला होता. साड्यांच्या गठ्ठ्यांची हातगाडी आत जायला. या इमारतीत गठ्ठ्यांसाठी उतार होता.

त्या दिवशी घरी जाऊन ती जेवली नाही. रडलीही नाही. दुसऱ्या दिवशी तिने स्टॉलवर एक मोठा कागद छापून चिकटवला: "जिन्यामुळे उदयाचल वाचनालय सोडलेल्या सभासदांनी इथे भेटावे."

तिला वाटलं होतं दोघं-तिघं येतील. पण लोक येतच राहिले. हृदयाचं ऑपरेशन झालेले शिक्षक आले. गुडघ्याला पट्टा बांधलेल्या बायका आल्या. लेकराला कडेवर घेऊन दोर धरता येत नाही म्हणून वर्षभर न गेलेली मानसी नावाची मुलगी आली. मासे विकणारी चंपा आली. तिच्या कमरेत गॅप होता आणि तिला चित्रांचं मासिक बघायला आवडायचं. सगळ्यांचं एकच, आम्हाला वाटलं आम्हीच एकटे. हे वाक्य जितक्या वेळा ऐकलं, तितक्या वेळा बकुळाचं डोकं फिरलं. इतकी माणसं वाचनालयातून गळून गेली आणि कार्यवाहांच्या भाषणात दरवर्षी एकच रडगाणं, हल्ली वाचनसंस्कृती लोप पावत आहे. लोप पावत नव्हती. खाली उभी होती.

त्यांनी समितीला अर्ज दिला: खालचा हॉल वाचनालयाला परत द्या. उत्तर आलं की इमारत जुनी आहे, लिफ्ट बसवणं अशक्य आहे, हॉलचं भाडं बंद झालं तर पुस्तकं विकत घेता येणार नाहीत, तरी दिव्यांग व ज्येष्ठ सभासदांसाठी घरपोच पुस्तकसेवा सुरू करण्याचा समितीचा मानस आहे.

"घरपोच," बकुळा म्हणाली. तो कागद तिने जमलेल्या सगळ्यांसमोर वाचला. "तीस वर्षं घरपोचच चाललंय माझं. मला घर आहे. मला घराबाहेर जायचंय. जिथे बाकीची माणसं बसतात तिथे बसायचंय. हे सगळं नियमानं माझ्या हक्काचं आहे, कायदा आहे तसा, पण मला कायद्याआधी एवढंच विचारायचंय की पुस्तक घरी आलं म्हणजे मी वाचनालयात आले का?"

दौलतकाका म्हणाले, "वार्षिक सभा आहे पुढच्या महिन्यात. तिथे विचारू."

सभा अर्थातच वर होती. जिन्याखालचे सभासद झाडून सगळे आले आणि खाली दारात बसले. वर समितीचे लोक आणि दहा-बारा सभासद. खाली त्यांच्या दुप्पट. सभेला लागते तेवढी माणसं वर नव्हतीच, म्हणजे खालच्यांना मोजल्याशिवाय सभा होणार नव्हती. बकुळाने निरोप पाठवला: सभा खाली घ्या, आम्ही हजर आहोत.

यशोधन सर जिन्याच्या वळणापर्यंत आले. तिथूनच म्हणाले, "गणपूर्ती नाही, म्हणून सभा अर्धा तास तहकूब. अर्ध्या तासाने याच ठिकाणी भरेल. तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसते, हे आपल्याला माहीत असेलच."

आणि तसंच झालं. अर्ध्या तासाने वर सभा झाली. खाली बसलेल्यांना कर्ण्यातून ऐकू आलं की साड्यांच्या सेलचा करार आणखी तीन वर्षांसाठी सर्वानुमते मंजूर झाला. सर्वानुमते. शिक्षकांनी छातीवर हात ठेवला. चंपाने शिवी दिली, ती इथे लिहिता येणार नाही, पण ती योग्य होती.

बकुळाने तीनचाकी वळवली, दांडा फिरवला आणि गठ्ठ्यांच्या उतारावरून सरळ साड्यांच्या हॉलमध्ये शिरली. लटकत्या साड्यांमधून वाट काढत ती मागच्या भिंतीपर्यंत गेली. तिथे, थैल्यांच्या ढिगाखाली, लांब बाक होता. तिने विक्रेत्या मुलींना सांगितलं, "हे जरा बाजूला घ्या. वाचनालयाचा बाक आहे." तिच्या आवाजात असं काही होतं की मुलींनी थैल्या उचलल्या. एकेक करून सगळे आत आले. दौलतकाका बाकावर बसले. पिशवीतून पेपर काढला आणि पहिल्या पानावरची बातमी मोठ्याने वाचायला लागले. चष्मा विसरलेल्या बायकांनाही ऐकू यावं म्हणून.

दुसऱ्या दिवशी ते परत आले. तिसऱ्या दिवशीही. रोज चार वाजता, साड्यांच्या मधोमध, वाचन. सेलवाला हितेंद्रभाई पहिल्या दिवशी हसला, दुसऱ्या दिवशी वैतागला, तिसऱ्या दिवशी हात जोडून म्हणाला, "बेन, माझा धंदा बसेल. मी काय वाकडं केलं तुमचं?"

"तुम्ही नाही केलं," बकुळा म्हणाली. "तुम्ही भाडं भरलंत. पण ज्यांनी घेतलं, त्यांनी आमचं विकलं."

पाचव्या दिवशी समितीने पोलीस बोलावले. एक हवालदार आला. मध्यमवयाचा, घामाघूम. त्याने विचारलं, "ताई, काय चाललंय इथे?"

"वाचतोय."

"इथे? कुणाच्या परवानगीने?"

"आम्ही सभासद आहोत. ही पावती. बाहेर पाटी वाचा."

तो बाहेर गेला. दारावर, सेलच्या फ्लेक्सच्या वर, दगडात कोरलेलं होतं: उदयाचल सार्वजनिक वाचनालय. तो परत आत आला. टोपी काढून कपाळ पुसलं आणि वरून आलेल्या यशोधन सरांना म्हणाला, "साहेब, वाचनालयात माणसं वाचतायत. याच्यात मी गुन्हा कुठला लिहू?"

शेवटी हितेंद्रभाईनेच कंटाळून समितीला कळवलं की मला अर्धाच हॉल पुरे, भाडंही अर्धंच देईन. मग समितीपुढे मार्ग उरला नाही. मधे प्लायवूडची भिंत घातली गेली. महिन्याभराने बकुळाला फोन आला, कक्ष तयार आहे, उद्घाटनाला या.

ती गेली. दारावर नवी पाटी होती: "ज्येष्ठ व दिव्यांग कक्ष". आत दोन लोखंडी रॅक. तिने तीनचाकी रॅकपाशी नेली आणि पाठीवरची नावं वाचत गेली. व्रतं. संत. मधुमेहींसाठी पाककृती. आणि मधला अख्खा कप्पा, पायाने चित्रं काढणारे, डोळ्यांविना डोंगर चढणारे.

यशोधन सर हातात कात्री घेऊन फितीजवळ उभे होते. "समाधान झालं ना आता?" त्यांनी विचारलं. खरंच मनापासून विचारलं असावं.

बकुळाने मधल्या कप्प्यातलं एक पुस्तक काढून त्यांच्या हातात दिलं. "हे तुम्ही वाचलंय?"

"नाही, म्हणजे—"

"मी वाचलंय. चार वेळा. कारण तीस वर्षं तुम्ही मला हेच देताय. वर किती पुस्तकं आहेत, सर? हजारो ना? आमच्यासाठी ही दोन रॅक कुणी निवडली? आमच्या आजारावरून आमची आवड तुम्ही ठरवणार? आणि ही पाटी काढा. या खोलीत बसणारा प्रत्येकजण म्हातारा नाही तर लंगडा, असं बाहेरून येणाऱ्याला कळलं पाहिजे का? मी दिव्यांग आहे ते सर्टिफिकेटवर. इथे मी वाचक आहे. आम्हाला वेगळं बसवायला हॉल नव्हता मागितला. सगळ्यांत बसायला मागितला होता."

फीत तशीच राहिली. सर "बघू, समितीत ठेवू" म्हणत निघून गेले.

समितीत काही ठेवलं गेलं नाही. जे झालं ते प्रितीने केलं. प्रिती वाचनालयाची ग्रंथपाल, चिंचपोकळीची, नोकरीला लागून सहा वर्षं झालेली. बकुळाच्या चिठ्ठ्या तिच्याच हातात यायच्या आणि वरच्यांनी ठरवून दिलेलं तीच पाठवायची. त्या दिवशी ती दाराशी उभी राहून सगळं ऐकत होती. पुढच्या सोमवारी यशोधन सर मुलीकडे पुण्याला गेलेले असताना तिने शिपायाला हाताशी घेतलं आणि पुस्तकं देण्याघेण्याचं काउंटर, कॉम्प्युटरसकट, खाली आणलं. काउंटरची जागा बदलली एवढंच. पण आता वरच्या मजल्यावर जाणाऱ्यांनाही पुस्तकाची नोंद करून घ्यायला खाली यावंच लागे, आणि खाली आलं की बाकावर टेकावंसं वाटे. प्रितीने रॅकवरची पुस्तकंही बदलली. दर आठवड्याला ट्रॉलीभर नवी खाली आणायची, जुनी वर. शिपाई कुरकुरला. सर परतले तेव्हा तिच्यावर खूप चिडले, मेमो दिला. तिने तो घेतला आणि काउंटर खालीच ठेवलं. पाटी तिने काढली नाही. तेवढं धाडस झालं नाही. ती चंपाने काढली, माशाच्या सुरीने.

त्या पहिल्या आठवड्यात बकुळा स्टॉल लवकर बंद करून आली. रॅकसमोर तीनचाकी लावली. रहस्यकथा होत्या. अनुवाद होते. जाडजूड कादंबऱ्या होत्या. तिने एक काढलं, मधूनच उघडून वाचलं, ठेवलं. दुसरं काढलं. पाठीमागे दौलतकाका कुणाशी तरी क्रिकेटवरून वाद घालत होते, मानसीचं लेकरू बाकाखाली रांगत होतं. ती जवळजवळ तासभर पुस्तकं चाळत होती. सहा वाजता प्रितीने विचारलं, "ताई, कुठलं लिहू?"

"एकही नको," बकुळा म्हणाली. "एकही आवडलं नाही."

आयुष्यात पहिल्यांदा तिला पुस्तक नाकारता आलं होतं.

प्रितीला वाटलं ती रागावली. तिने घाईने विचारलं, "पाणी देऊ का, ताई?"

"नको. मी बाहेर पाणी पीत नाही. प्यायले तर मग जायचं कुठे? तुमचं बाथरूम कुठे आहे?"

प्रितीने बोट वर केलं. बाथरूम वर होतं.

"बरं," बकुळा म्हणाली. तिने तीनचाकीचा दांडा फिरवला आणि तोंड जिन्याकडे केलं, जिथून यशोधन सर खाली उतरत होते. "सर, जरा थांबा. बोलायचंय."